तीन तोळे

किकापू नदीच्या खोऱ्यात, स्वयंपाकाच्या ओट्यावर
आर्लिस टॉरगर्सन बाण तोलते.
काटा नवऱ्याचा, काडतुसात दारू भरायचा,
इतका हळवा की खिडकी उघडी असली
तर वाऱ्याचंही वजन सांगतो.

म्हणून ती आधी खिडकी लावते.
मग फ्रिज बंद करते. त्याची थरथर ओट्यापर्यंत येते.

पहिला बाण: तीनशे साठ ग्रेन.
ग्रेन म्हणजे कधीकाळी जवाचा एक दाणा;
सोनाराच्या जुन्या हिशेबात
हे बरोब्बर दोन तोळे.
भाचा कोल्टन म्हणतो, हाच घे मावशी,
रेघ मारल्यासारखा जातो,
अंतर चुकलं तरी सांभाळून घेतो.

खरं आहे. गेल्या वर्षी तिने हाच घेतला होता.

चाळीस पावलांवर, कापलेल्या मक्याच्या कडेला हरणी.
हलका बाण सुटला तसं धनुष्य मोठ्याने बोललं.
हरणीने ते ऐकलं
आणि बाण पोचायच्या आत ती खाली दबली
(उडी मारायची तर आधी वाकावंच लागतं),
फुफ्फुसाच्या जागी खांदा आला.
टक्.
दारावर कुणी एका बोटाने वाजवावं तसं.

रक्त ओढ्यापर्यंत होतं. पलीकडे नाही.
दोन दिवस ती सुमाकच्या झुडपांत ओणवी हिंडली,
जिथे थेंब दिसला तिथे फांदीला
कागदी रुमालाचा तुकडा बांधत.
तिसऱ्या दिवशी बर्फ पडला, सगळंच पांढरं.
वहीत लिहिलं: ३६०. ४० पावलं.
पुढचा रकाना तसाच राहिला.

मार्चमध्ये शेजारचा डेल्मर सेब्रानेक
खाकी पिशवी घेऊन दारात उभा.
आत खांद्याचं हाड, हाडात बाणाचं टोक.
"पातं अजून चांगलं आहे," म्हणाला,
आणि कॉफी न घेताच गेला.

तेच पातं. दगडावर घासून घासून
मनगटावरची लव उतरेल इतकं.
मागे पितळेची खुंटी, दांडा जाड भिंतीचा.
पाचशे चाळीस. तीन तोळे.

जड बाण हळू जातो.
वीस पावलांनंतर झुकतो,
जमिनीची ओढ लपवत नाही.
पण तो सुटताना धनुष्य गप्प बसतं:
सगळा जोर तो बरोबर घेऊन जातो,
मागे आवाजाला फारसं काही उरत नाही.
हाड आडवं आलं तरी जातो.
त्याची अट एकच. जवळ ये.

कोल्टन सेकंदाला किती फूट ते सांगत राहतो.
आर्लिस बटाटे सोलत ऐकते.
एकसष्टाव्या वर्षी जवळ जाणं म्हणजे
ओकवरच्या मचाणावर खोकला गिळणं,
चार तास लघवी दाबून बसणं,
वारा पाठीमागून आला की मुकाट घरी.
तिसाव्या पावलावरचा आठ टोकांच्या शिंगांचा नर
नुसता बघणं. जाईपर्यंत.

ऑक्टोबर सरताना एक हरणी आली
ओकची फळं खात. चावण्याचा आवाज
वर ऐकू येईल इतकी.
सोळा पावलं.
दोरी सुटली. हरणीने मान वर केली,
पाखरू उडालं असेल असं समजून
चार पावलं चालली,
एका फळासाठी पुन्हा वाकली
आणि उठली नाही.
बाण तिच्या पलीकडे मातीत उभा होता.

रात्री, हरणी गोठ्यात टांगून झाल्यावर,
खिडकी लावून, फ्रिज बंद करून
तिने तो काट्यावर ठेवला.
पाचशे त्रेचाळीस.
पिसांच्या बुडाशी सुकलेलं काही,
त्यात एक केस, पांढरा, पोटाकडचा.
"धुऊन मोज ना," कोल्टन फोनवर म्हणाला.
ती हो म्हणाली.
वहीत लिहिलं: ५४३. १६ पावलं. सापडली.

फ्रिज सुरू करायला मात्र विसरली.
सकाळी फरशीवर पाण्याचा ओघळ,
बारीक, मधेच तुटलेला,
दारापर्यंत गेलेला.