ओढ्याच्या पलीकडे

फ्रिजवर नकाशा आहे, त्यावर लाल रेघ.
खात्याने आखलेली; मी फक्त गिरवते
दर मार्चला, थोडी पूर्वेकडे सरकवून.
रेघेपलीकडचं पाडस घ्यायचं नाही.
आलंच दारात, तर वाढवायचं नाही.
मग काय करायचं, ते
एका सभ्य शब्दात लिहिलंय, शेवटच्या पानावर.

ओर्विल क्वामे आला तेव्हा मी बाटल्या उकळत होते.
टोपी काखेत, शर्टात गुंडाळलेलं काहीतरी.
"गवत कापत होतो, आर्लिस. दिसलंच नाही.
हलतसुद्धा नाहीत गं ही."
मागचा पाय, खुरापासून वीतभर वर, चिरलेला.
हाड शाबूत.
तीन आठवड्यांत धावलं असतं.

कुठे सापडलं?
"ओढ्याच्या पलीकडे. जुन्या चीज फॅक्टरीमागे."
ओढा म्हणजेच रेघ.
मी गॅस बारीक केला, पुन्हा विचारलं,
पलीकडे की अलीकडे? नीट आठव.
त्याने नीट आठवलं.
खरं बोलणाऱ्या माणसाचा
इतका राग मला कधी आला नव्हता.

नियम चुकीचा असता तर मोडला असता.
पण गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत
कुंपणाला टेकून एक हरिणी उभी होती,
लाळ गळत, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.
मी टाळी वाजवली. ती पळाली नाही.
माझ्याकडे बघत राहिली, जणू मी
कुणीतरी ओळखीची, नाव तेवढं आठवत नाही.
ती उभी होती तिथलं गवत
मी अजून कुणाला घालत नाही.
माणसं विसरतात. ती माती, म्हणतात, विसरत नाही,
ब्लीच ओतलं तरी.

फोन केला. चारनंतर येतो म्हणाले.
तेव्हा साडेअकरा वाजले होते.
साडेअकरा ते चार
दूध पाजायचं की नाही, हे
कुठल्याच पानावर नव्हतं.

शेळीचं दूध कोमट केलं.
बाटली ओर्विलनेच धरली, दोन्ही हातांनी,
चर्चमध्ये मेणबत्ती धरावी तशी.
पाडसाने ढुशी दिली, थेंब त्याच्या दाढीवर उडाले.
पाठीवरचे ठिपके मी मोजायला घेतले
आणि मध्येच सोडून दिले.

ती बाटली नंतर मी उकळली नाही. फेकली.
त्याच्या शर्टाचंही तसंच काहीतरी करायचं होतं,
पण तो तसाच, उघड्या अंगावर नुसतं जाकीट घालून,
ट्रकमध्ये बसून राहिला चारपर्यंत.

मागच्या खोलीत दोघं ओरडत होती,
अलीकडची, भुकेली.
कोपरापर्यंत हात धुतले.
बूट बदलले.