सात मीटरवरची झीज

हिरव्या फेल्टच्या तुकड्यावर
गेरार्द दोघींना शेजारी शेजारी आडवं करतो.
दोघी तीनशेच्या, दोघी कुणीतरी सोडून दिलेल्या.
थोरली नव्वदीतली, सगळी धातूची,
उचलली की भरल्या बादलीसारखं मनगट खाली ओढते.
धाकटी सतरा वर्षांनी लहान, राखाडी प्लास्टिक,
पोटात एक छोटं यंत्र:
हात थरथरला तर आतली काच उलटी थरथरते
आणि चित्र उभं राहतं,
काही झालंच नाही असं.

नऊशे झ्लॉटी. दोन हजार तीनशे.
माझी पेन्शन या दोघींच्या मधे कुठेतरी.

“दारातून बघा,” तो म्हणतो.
समोर औषधाच्या दुकानाची पाटी, पाटीवर कबुतर.
थोरलीतून: कबुतर, पाटी, पन्हळ, पुन्हा कबुतर,
सगळं बियाविस्तोक उकळत्या पाण्याच्या तळाशी.
धाकटीतून: एक बारीक कुरकुर,
आणि कबुतराच्या डोळ्यातलं नारिंगी कडं
थांबलं.
माझ्यासाठी इतकं काही थांबल्याला बरीच वर्षं झाली.

ओसोव्येत्सजवळच्या फाटकावर छत्तीस वर्षं
मी दांडा फिरवला.
तेव्हा थरथरायची ती जमीन,
गाडीच्या चार मिनिटं आधी, चहाच्या ग्लासात.
आता गाडी नाही, तरी ग्लास वाजतो.
डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलंय.
ते मी घरी नेलेलं नाही.

भाची म्हणते, नवीच घे मावशी,
वय झालं की माणसानं थोडी लाज सोडावी.

गेरार्द घड्याळजीचा मुलगा. खोटं बोलायला त्याला वेळ लागतो.
टॉर्च लावून थोरलीच्या पोटात दाखवतो
कडेला बुरशीचा एक धागा, “फोटोत यायचा नाही.”
ही बिघडली तर पाच स्क्रू, आणि मी आहे.
तिची मोटर गेली तर...
तो खांदे उडवतो. सुटे भाग बंद होऊन सहा वर्षं झाली.
“मग कागद उडू नयेत म्हणून ठेवा वर.”

मी थोरलीची रिंग फिरवते.
अंतराचे आकडे कोरलेले, त्यात पांढरा रंग.
सातपाशी रंग उडालाय, आकडा नुसता बोटाला कळतो.
“कुणाची होती?”
“सुवाऊकीच्या एका मास्तरांची. जावई पेटीसकट देऊन गेला.”
सात मीटरवर काय असतं?
खिडकीबाहेरचं दाणे टाकायचं फळकूट?
शाळेचं स्टेज? अंगणापलीकडचा कुणाचा तरी जिना?
इतकी वर्षं, इतक्या लांबचं बघणारी काच घेऊन
तो माणूस सात मीटरवर राहिला.
आणि टोकाला, अनंताचा आडवा आठ
दुकानातून आत्ताच आणल्यासारखा पांढरा.

माझं सगळं काम त्या आडव्या आठाशी आहे.
मार्चमध्ये ब्येब्झा कुरणांवर पसरते
आणि क्रौंच पाण्याच्या पार पलीकडे उतरतात,
हाक ऐकू येते, पाय दिसत नाहीत.
क्षणभर वाटलं, हीच घ्यावी,
मास्तरांनी न वापरलेलं अंतर मी वापरावं.

पण क्रौंच काही माझ्या विचारांसाठी थांबत नाहीत.
धाकटी घेतली. तीन हप्त्यांत.
तिच्यावर आकडेच नाहीत,
आधी कुणाची होती, काय बघत होती,
काही सांगत नाही. बरंच आहे.
निघताना थोरलीवर झाकण मीच लावलं,
थोडं घट्टच बसलं.

आज संध्याकाळी बांधावर
सत्तावीस मोजले. एकेक पीस वेगळं.
मग कुणी नाही बघून
यंत्राचं बटण खाली केलं.
लगेच पाणी हललं, लव्हाळं हललं,
सत्तावीसच्या सत्तावीस क्रौंच
माझ्या हातात थरथरू लागले,
जशी गाडी अजून दिसत नाही, पण ग्लासाला कळलंय.
फाटक पाडायला चार मिनिटं असतात.
तेवढी बघत राहिले.
मग बटण वर केलं.