तारखेनंतरचे दिवस

कार्ड तुरीच्या डाळीच्या डब्यात आहे,
अगदी तळाशी.
सासूबाईंच्या हाताला डाळ लागते, तळ लागत नाही.
तळ दिसायची वेळ मी येऊ देत नाही.

कार्डावर निळ्या शाईत :
सत्वशीला दिगांबर टेकाळे. मुलं दोन.
पुढची तारीख, मंगळवार.
त्या मंगळवारला
आज सहा आठवडे झाले.

त्या मंगळवारी उपकेंद्राला कुलूप,
सिस्टर पोलिओच्या कामावर.
दुसऱ्या मंगळवारी जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग
पार मानवत रोडपर्यंत. मुकादम म्हणाला,
आज जी जाईल तिनं उद्या येऊच नये.
तिसऱ्याला धाकटीला ताप.
चौथ्याचं आठवत नाही.
खरंच आठवत नाही,
आणि दिवसभर कवडी वेचताना
तोच एक आठवत बसते.

सुई घ्यायला लागले तेव्हा पाळी थांबली.
सिस्टर म्हणाल्या होत्या, घाबरू नको, सुईनं थांबते.
दीड वर्ष झालं, सवय झाली.
फडकी नाहीत, कोपरा नाही,
देवघराकडं पाठ करून बसणं नाही.
अंग गप्प होतं आणि ते गप्प बरं वाटायचं.
आता तेच गप्प
मी रात्री कान लावून ऐकते.

आई म्हणायची, पाळी चुकली की दिवस गेले समजावं.
माझे बेचाळीस गेलेत.
त्यातले कोणते नुसतेच गेले
आणि कोणता गेला नाही, राहिला,
हे कुणाला विचारू?

शबानानं सरकीच्या ढिगाआडून बघितलं परवा.
कामून गं, तोंड असं दिसायलंय?
म्हणलं, फुफाट्यानं. कापूस नाकात जातो.
ती काही बोलली नाही.
तिच्या डब्यातलं लोणचं मात्र
तिनं न मागता माझ्याकडं सरकवलं,
आणि मी ते खाल्लं नाही. भीतीनं.
आवडलं असतं तर?

आज गेले. अर्ध्या दिवसाची मजुरी सोडली.
जोंधळे सिस्टरनं कार्ड उलटसुलट केलं.
चार आठवडे उशीर चालतो बाई, तुझे सहा झाले.
मग ती पट्टी, ते प्लास्टिकचं झाकण,
संडासाच्या दाराला कडी नाही म्हणून
एका हातानं दार धरून उभी मी.

एक रेघ आली.
दुसरी येत नाही, येत नाही,
मी बघत राहिले म्हणून येत नाही असं वाटलं.
सिस्टर म्हणाल्या, आज नाही दिसत.
पंधरा दिवसांनी परत ये, नक्की सांगता येईल.
सुई आत्ता नको. तोवर हे.
आणि पेपरात गुंडाळून निरोधची पाकिटं दिली.

हे.
दिगांबर शनिवारी जालन्याहून टेम्पो घेऊन येतो,
त्याला सुईच माहीत नाही,
हे काय सांगू आणि कोणत्या तोंडानं?

घरी आले, डबा काढला, हात घातला
तर डाळ काठोकाठ.
सकाळी अर्धी होती.
कार्ड जिथल्या तिथं, तळाशी,
फक्त एका स्वच्छ पिशवीत, गाठ मारलेली.

सासूबाई ओसरीवर धाकटीची वेणी घालत होत्या.
माझ्याकडं न बघता म्हणाल्या,
शनिवारी मी लेकीकडं जायलेय सेलूला,
पोरींना घेऊन.
तू बोल त्याच्याशी.