यादी, खुणांवरून

अण्णांच्या जुन्या पगारवहीत
काही पानं कोरी राहिली होती,
त्यावर मी यादी करतो आहे.

एक. जिराफाचं पुस्तक. नाव आठवत नाही.
पान सतरावर आयोडीन सांडलेलं,
त्यामुळे त्यातला राजपुत्र कायमचा जांभळा.

दोन. पऱ्यांचं जाड पुस्तक. शेवट फाटलेला.
शेवट अक्का सांगायची,
परीक्षेच्या दिवसांत राक्षस जिंकायचा.

तीन. साठ मिनिटांची कॅसेट. लेबलवर
अण्णांच्या अक्षरात एवढंच:
हात लावू नये.

साखर पेठेतून विडी घरकुलला आलो त्या दिवशी
टेंपोत दोन खोकी चढली. उतरलं एक.
आई म्हणायची, उंदरांनी कुरतडलेलं, मीच टाकलं.
अक्का म्हणते, टाकलं नाही,
येमुल मास्तरांकडे ठेवायला दिलं.
मास्तर वारले. त्यांच्या सुनेनं
चहा दिला, कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून दिली.
खोकं कसलं, ते तिला ठाऊक नव्हतं.

मग दर मंगळवारी बाजार.
हुसेनबाशा रद्दीच्या ढिगाशी छत्री रोवून बसतो.
नाव सांगा की ओ पुस्तकाचं, म्हणाला.
नाव असतं तर
या उन्हात कशाला आलो असतो?
जांभळा राजपुत्र, म्हटलं.
त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं,
मग छत्री जरा कलती केली
आणि मला सावलीत घेतलं.

सात महिन्यांनी त्याचाच फोन:
सर, जिराफ आलाय.

जिराफ तोच. मान मात्र ताठ,
आमच्याची दुमडून दुमडून मोडलेली होती.
आतल्या पानावर निळ्या शाईत:
चि. वैजयंती, इयत्ता चौथी, चित्रकला, उत्तेजनार्थ.
पान सतरा उघडलं.
राजपुत्र गोरा होता. ओळख लागेना.
पन्नास रुपये दिले,
घरी आणून रात्री उशाशी ठेवलं,
मुक्कामाला आलेल्या पाहुण्याशी वागावं
तसं जरा अवघडूनच.

गाणं त्याहून सोपं निघालं.
चाल गुणगुणली, भाच्यानं मोबाईलवर शोधून दिलं,
स्वच्छ, कुठे खरखर नाही.
दुसऱ्या कडव्याआधी मी श्वास धरला.
तिथे अण्णा ओरडतात:
कंडे ऐपोयिंदिरा!
कांडी संपली रे, पळ.

रेडिओसमोर टेप ठेवून भरलेलं ना ते,
चार माग चालू असताना.
आमच्याकडे या गाण्याला तबला नव्हताच,
खटक-खटक, खटक-खटक, त्यावरच ती बाई गायची,
आणि लाईट गेली की
धोटा जिथल्या तिथे, बाईही जिथल्या तिथे.

भाच्याच्या गाण्यात ती जागा आली.
अण्णांच्या जागी बासरी होती.
छोटीशी, चार-पाच सुरांची.
चाळीस वर्षं ती तिथेच वाजत होती
आणि मला पत्ता नव्हता.
पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा लावलं.
मग भाचा कंटाळून पाणी भरायला गेला,
चार दिवसांनी नळ आला होता.

रविवारी अक्का आली. विड्या वळून वळून
तिची बोटं आता पान उलटताना अडखळतात.
जिराफ पाहिला, हसली,
वैजयंतीचं नाव दोनदा वाचलं.
मी विचारलं, पऱ्यांच्या पुस्तकाचा खरा शेवट काय होता?
मला काय माहीत, म्हणाली,
आपल्याकडे आलं तेव्हाच फाटकं होतं.

आलं म्हणजे?

अरे, ते बिराजदारांचं.
उन्हाळ्यापुरतं आणलेलं, द्यायचं राहून गेलं.
सापडलं तर नेऊन दे बाबा,
त्यांची लीलावती अजून
लक्ष्मी मार्केटमागेच राहते.

पगारवहीत शेवटचा रकाना असतो, शेऱ्याचा.
अण्णा तिथे लिहायचे: उचल दिली. उचल फिटली.
क्रमांक दोनपुढे मी लिहिलं,
शोधणे. मिळाल्यास परत करणे.