फेल्टची पट्टी

पुंता अरेनासमध्ये वारा विचारून आत येत नाही.
उन्हाळ्यात चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
अशा गावात सुताराला मरेपर्यंत काम.

आसरागृहाचा पत्ता मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही.
पिवळ्या पत्र्याचं घर,
एवढंही जास्त झालं.

ओरिएताबाई फोन करतात, "डॉन फिडेल, पुन्हा तेच दार."
मी बिजागऱ्या, तेलाची बुधली, फेल्टच्या पट्ट्या घेऊन निघतो.
तिथल्या दारांना वाजायची मुभा नाही.
एक आपटलं की सात खोल्यांत सात आया
हातातलं टाकून उभ्या राहतात
आणि पोरं पलंगाखाली.

यास्ना मार्चमध्ये आली. दोन पोरं, एक पिशवी
आणि मायक्रोवेव्ह. तो का उचलला, तिलाच सांगता येईना.
धाकटी इलिया बुटांसकट झोपायची.
थोरला डांको, नऊ वर्षांचा,
दहाव्या दिवशी माझ्याशी बोलला:
"किल्लीवरून कळतं.
पहिल्या झटक्यात कुलूप उघडलं तर जेवता येतं.
चाचपडली, तर इलियाला घेऊन कपाटात.
आणि किल्ली खाली पडली, तर…"
मी स्क्रू शोधत राहिलो.
स्क्रू माझ्या ओठांतच होता.

भिंतीला कान असतात म्हणतात.
असतात. माझेच होते.
एकोणीस वर्षं, मध्ये पाइनची पातळ फळी,
पलीकडे एमेरिता आणि तिचा नवरा.
बायको म्हणायची, जाऊन या.
मी म्हणायचो, त्यांच्या घरातलं त्यांच्या घरात,
आणि रेडिओ मोठा करायचो.
शेवटी ते दार पोलिसांनी फोडलं.
चौकट मीच नवी बसवली.
पैसे घेतले.

इथे घेत नाही. त्याने काही फिटत नाही.

डांकोला आतून कडी हवी होती.
ओरिएताबाई नको म्हणाल्या, मग विचारात पडल्या, मग हो म्हणाल्या:
बाहेरून नाण्याने उघडेल अशी.
त्याच्या खांद्याच्या उंचीवर खूण केली, भोकं त्यानेच पाडली.
त्या दुपारी त्याने कडी चाळीसदा लावली,
चाळीसदा काढली.
रात्री लावलीच नाही, असं यास्ना सांगत होती.

तिला खेकड्यांच्या कारखान्यात काम मिळालं.
बोटं सोललेली असायची, पण पगार तिच्या नावावर.
इलियाने जूनमध्ये एक बूट काढला.
दुसरा ऑगस्टात.

मग ऑक्टोबरातला तो रविवार.
भांडी घासायची पाळी डांकोची.
"नाही घासणार!" म्हणाला
आणि दार असं धाडकन आपटलं
की माझी पट्टी निसटून जमिनीवर पडली.
घर गप्प. नळसुद्धा कुणीतरी बंद केला.
मी शिडीवर, हातोडा तसाच धरून.

दार त्यानेच उघडलं.
चेहरा पिठासारखा. एक हात डोक्यावर,
येणार ते झेलायला.

यास्ना त्याच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसली.
"राग आला?"
"हो."
"बरं."
तो वाट पाहत राहिला. पुढे काहीच येईना.
"भांडी मात्र तुझीच आहेत," ती म्हणाली.
आतल्या खोलीतून कुणीतरी फसकन हसलं.
नळ पुन्हा सुरू झाला.

पट्टी मी परत चिकटवली.
चार नंबरच्या खोलीत आदल्याच रात्री एक नवीन बाई आली होती.

डिसेंबरात त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या.
दार बसवायला मी गेलो.
मायक्रोवेव्ह खिडकीत होता, इलिया अनवाणी.
पट्टी काढली तशी डांको म्हणाला,
"इथे नको. वाजू दे."
तेवढ्यात वाऱ्याने ते आपटलंच.
त्याने मान वर केली. "वारा," म्हणाला,
आणि गणिताकडे वळला.

निघताना भिंतीवर बोट वाजवून पाहिलं.
पातळ आहे.
शेजारच्या दारावर टकटक केली.
एक म्हातारा बाहेर आला, माझ्याच वयाचा, आत गाणी चाललेली.
नाव सांगितलं, हात मिळवला,
आणि म्हटलं, एक विनंती आहे,
रेडिओ हळू लावत जा.