टक्स

शनिवारी साडेसात. भवानी पेठेतली रात्रशाळा.
दिवसा इथे चौथीची मुलं बसतात,
म्हणून बाकं गुडघ्यांना पुरत नाहीत.
मी चादर आणलेली, नेहमीचीच, आणि एक मोसंबं.
चौघांनी कोपरे ताणून धरले.
मोसंबं मधे ठेवलं, चादर खोलगटली.
हा सूर्य, म्हटलं. अवकाश असं वाकतं.
गोटी सोडली, ती गरगरत आत गेली
आणि वर्ग म्हणाला, आयला!

हा आयला मी वीस वर्षं वसूल करत आलेय,
शिबिरांत, सभागृहांत, एकदा तर मंत्र्यांकडूनही.

तहसीन तेवढी गप्प. मग म्हणाली,
मॅडम, मोसंबं खाली कशानं गेलं?
वजनानं.
म्हणजे खालून ओढतंय कुणीतरी.
मग त्या ओढण्यासाठी काय वाकलंय?
चादरीखाली आणखी एक चादर?

मी खडू शोधू लागले.
खडू माझ्या हातातच होता.

तिने पिशवीतून अस्तराचा तुकडा काढला
(आई काशेवाडीत ब्लाऊज शिवते, हुका-काजं हिच्याकडे),
बाकावर सपाट पसरला, पट्टीने दोन समांतर रेघा मारल्या,
कधीही न भेटणाऱ्या, हे सगळ्यांनी पाठ केलेल्या.
मग रेघांच्या मधोमध पाचरीएवढं कापड
चिमटीत मिटलं, टाके घातले.
याला आम्ही टक्स म्हणतो.

कापड उठलं.
खालून कुणी ओढलं नव्हतं, वर काही ठेवलं नव्हतं.
आणि त्या दोन रेघा, कुणी न वळवता,
शिवणीपाशी येऊन एकमेकींना भेटल्या.

रेघ सरळच आहे, ती म्हणाली.
कापड कमी झालंय.

हे वाक्य मी तीन पानं समीकरणांत लिहिते.
इंद्रजितची रात्रपाळी नवाला सुरू होते,
तो साडेनऊपर्यंत तुकडा उलटापालटा करत बसला.

बुधवारी तिला संस्थेत बोलावलं. दोन बस बदलून आली.
फाटकावरच्या वहीत रकाने:
नाव, वेळ, कुणाला भेटायचं, काम.
शेवटच्यात तिने लिहिलं, टक्स दाखवणे.
रखवालदाराने ते दोनदा वाचलं, पिशवी तपासली,
कात्री आणि सुयांची डबी ठेवून घेतली.
जाताना मिळेल.

वर सातजण चहाचे कप घेऊन बसलेले, सगळे डॉक्टर.
सुई कुणाकडेच नव्हती.
मग सूचनाफलकावरचं एक व्याख्यान खाली उतरवलं
आणि त्याच्या टाचण्या तिच्या हातात दिल्या.