सप्टेंबरातली वही

टोलेडोचा व्हर्नन साबो, बस चालवून निवृत्त,
सप्टेंबर लागला की पैज निम्म्यावर आणतो.
विसाचे दहा डॉलर.
कॉफीच्या डब्यात आहेत तेवढेच;
डबा वाजेनासा झाला की हंगाम संपला.

आता आकडे थापा मारतात, म्हणतो.
वर पोचलेला संघ आपला हुकमी पिचर
झाकून ठेवतो पुढच्या महिन्यासाठी,
आणि तळाचा, ज्याचं बुडायचं ते बुडून झालंय,
कुणाचंही नाक कापतो.

भाचा आयर्विन उन्हाळाभर हरलेलं
एका रात्रीत वसूल करायला बसलाय.
व्हर्नन बोलत नाही. वही सरकवतो फक्त:
एकोणीस वर्षं, पेन्सिलीनं,
जिंकलेलं डावीकडे, हरलेलं उजवीकडे,
मधे एक रुंद रकाना –
'खेळलो नाही'.

सगळ्यात भरलेला तोच.

आज तळाच्या संघाकडून
एक पोरगा पहिल्यांदाच उतरतोय.
आईबाप स्टँडमध्ये, दोघांच्या अंगावर
नुकतीच घडी मोडलेली जर्सी.
व्हर्नन पेन्सिल कानावर खोचतो.
याच्यावर नाही, म्हणतो,
आणि रेडिओचा आवाज वाढवतो.